ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी एवढं वाचा (जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांसाठी)

मीटरवर पिवळी इंजिन लाइट लागली की अर्धी गिऱ्हाईकं कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजात येतानाच निदान घेऊन येतात, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा टाका." कुणीतरी स्कॅनर लावलेला असतोय, कोडात (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेला बिघाडाचा नंबर) सेन्सरचं नाव आलेलं असतंय, झालं. आता कोड ही तक्रार हाय, आणि तक्रार करणाऱ्यालाच धरून बडवायचं म्हणजे काय बरोबर नाही.

सेन्सर एक्झॉस्टच्या पाइपात बसून धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघतोय आणि त्यावरनं गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतोय. जुन्या गाड्यांत बहुतेक झिरकोनियाचा (एक सिरॅमिक) असतोय, ३०० डिग्रीच्या वर तापला की व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखं खालीवर नाचतंय. खाली म्हणजे हवा जास्त, वर म्हणजे पेट्रोल जास्त.

समजा पी ०१७१ आला, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि व्होल्टेज खालीच पडून हाय, तर आम्ही इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते ती वाट) जरासा कार्ब क्लीनर मारतो, तो स्प्रे पेट्रोलसारखा जळतोय, व्होल्टेज झटक्यात वर गेलं तर सेन्सर खरं बोलतोय, मग शोधायचा फुटका व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, चोक झालेला फ्युएल फिल्टर. अजून एक, सेन्सरच्या अलीकडं, इंजिनच्या बाजूला, पाइपाला बारीक भोक असलं तर बाहेरची हवा आत ओढली जाती आणि सेन्सर उगाच लीन दाखवतोय. गगनबावड्याकडनं गाडी आली की आम्ही पाइपाचा गंजच आधी बघतो, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय. व्होल्टेज जागचं हललंच नाही तर वायर, कनेक्टर बघून मगच सेन्सर बदलू. सेन्सरच्या आतल्या हीटरचा कोड (पी ०१३५) असला तर आधी फ्यूज.

पी ०४२० म्हणजे कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) नीट काम करत नाही अशी तक्रार. त्याला लोक लई घाबरतात, कारण कॅट महाग. कॅटच्या मागचा सेन्सर शांत, एका जागी पाहिजे, तो पुढच्यासारखा नाचायला लागला तरच कॅटवर संशय घ्यायचा. आणि कॅट का मेला ते न बघता नवा बसवला तर तोही जाणार, ऑइल खाणारं इंजिन किंवा मिसफायर (सिलेंडरात पेट्रोल नीट न पेटणं) त्याला जाळतंय. इंजिन लाइट लुकलुकत असली तर गाडी पळवू नका, टो करून आणा.

पीयूसीत फेल झालात तर स्लिप घेऊन या, नुसतं तोंडी सांगू नका. बीएस ४ (भारत स्टेज, धुराचा सरकारी नियम) पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम ही हद्द, बीएस ३ ला ०.५ आणि ७५०. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एचसी एकटाच वर असला तर आम्ही प्लग, कॉइल बघतो.

बॅटरीची वायर काढून लाइट घालवून आणू नका, कोड पुसला जातोय आणि आम्ही आंधळे होतोय. जमलं तर गाडी आदल्या रात्री लावून जा, थंड इंजिनवरनं सुरुवात केलेली बरी.