उन्हात वाळवलेली जास्वंद आणि सावलीत वाळवलेली जास्वंद

वाळलं की झालं, ऊन काय नि सावली काय, असं आमच्या बेळगावात पुष्कळ जण म्हणतात, पण चहासाठी जास्वंद वाळवत असाल तर तसं नाही बघा. पाकळीचा लाल रंग ज्या अँथोसायनिनमुळं असतो तेच त्यातलं एक मुख्य अँटिऑक्सिडंट, आणि त्याला उजेड, उष्णता, ऑक्सिजन तिन्ही सोसत नाहीत.

एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पापडाशेजारी पाकळ्या टाकल्या तर संध्याकाळपर्यंत कुरकुरीत होतात खऱ्या, पण रंग विटतो. सावलीत वेळ लागतो, रंग मात्र गडद राहतो. दोन्हीची एकेक चिमूट गरम पाण्यात टाकून शेजारी शेजारी ठेवा, कप बघूनच कळतं. अर्थात रंगावरून फक्त अँथोसायनिनचा अंदाज येतो, बाकीची फिनॉल्स, म्हणजे त्याच कुळातली इतर अँटिऑक्सिडंट द्रव्यं, डोळ्याला दिसत नाहीत.

आता खरी चूक इथं होते. सावलीत म्हणजे घरातल्या कुठल्याही कोपऱ्यात नव्हे! सावली पाहिजे आणि वारापण पाहिजे. पाकळी तोडली तरी तिच्यातली एन्झाइम्स चालूच असतात, आणि ओल जितकी रेंगाळेल तितकी ती फिनॉल्स खात बसतात, म्हणून कडा तपकिरी पडतात. पावसाळ्यात, त्यात खानापूरकडं तर आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, तेव्हा माजघरात पसरलेल्या पाकळ्या चिवट होतात, बुरशीपण धरतात, आणि अशा सावलीपेक्षा मला कडक ऊन परवडलं, निदान लवकर तरी वाळतं. त्या दिवसांत ड्रायर असेल तर ४० ते ५० डिग्रीवर एकेरी थर लावून वाळवा, तेच बरं. फ्रीझ ड्रायिंगमध्ये, म्हणजे गोठवून वाळवण्यात, सगळ्यात जास्त टिकतं पण ते मशीन घरात कोण आणणार.

आणखी एक, वाळलेल्या फुलात ताज्यापेक्षा जास्त अँटिऑक्सिडंट असं वाचलं तर लगेच हुरळून जाऊ नका, ताज्या फुलात ८० ते ९० टक्के पाणीच असतं, ते गेल्यावर ग्रॅममागं आकडा वाढणारच की. तुलना करायची तर दोन्हीकडचं पाणी वजा करून, कोरड्या वजनावर करायची.

पाकळी चुरडल्यावर कट्कन मोडली की बरणीत भरा, झाकण घट्ट लावा आणि बरणी कपाटात ठेवा, खिडकीत छान दिसते म्हणून ठेवलीत तर सावलीत राखलेला रंग तिथं उजेडानं जातो.