मॅटिंग खेळपट्टी (दक्षिण आफ्रिका)

मुरमाच्या किंवा मातीच्या दाबून घट्ट केलेल्या पट्ट्यावर काथ्याची चटई (मॅट) ताणून केलेली क्रिकेटची खेळपट्टी. मार्च १८८९ मधील पोर्ट एलिझाबेथच्या पहिल्या कसोटीपासून १९३० अखेरपर्यंत दक्षिण आफ्रिकेतील सर्व कसोटी सामने अशा खेळपट्टीवर झाले.

केपमध्ये (केपटाउनभोवतीच्या वसाहतीत) क्रिकेट ब्रिटिश सैन्याबरोबर आले. काही अभ्यासक १७९५ च्या पहिल्या ब्रिटिश ताब्यापासून त्याची सुरुवात धरतात. मात्र केपटाउनमधील ग्रीन पॉइंट येथील अधिकाऱ्यांच्या सामन्याचा लेखी उल्लेख जानेवारी १८०८ चा असल्याने तेच वर्ष धरणे सुरक्षित. हिरे आणि सोने सापडल्यावर हा खेळ किंबर्ली व जोहान्सबर्गच्या कोरड्या पठारावर पोहोचला. तेथे हिरवळ टिकत नाही म्हणून चटई आली, असे सामान्यतः सांगितले जाते. हे कारण अपुरे वाटते, कारण पुरेसा पाऊस असलेल्या केपटाउन व दरबानमध्येही १९३० पर्यंत चटईच होती. कमी खर्च, कमी देखभाल आणि अंगवळणी पडलेली उसळी ही कारणे अधिक पटतात.

पायासाठी मुरूम किंवा वारुळाची चिकट माती पसरतात, पाणी मारून रोलरने दाबतात व वाळू देतात. २०.१२ मीटर अंतर झाकणारी चटई त्यावर अंथरून कडा लोखंडी खुंट्यांनी ताणतात. खरी कसोटी या ताणाची. चटई सैल राहिली की चेंडू तिच्यात रुततो, जास्त वळतो आणि उसळीचा भरवसा राहत नाही. खालचा थर भुगा झाला तरी चटईमुळे दिसत नाही. चेंडू पडल्यावरच कळते. कठीण मुरमावर चेंडू वेगाने व उंच येतो, गवतावर अंथरलेल्या चटईवर मंद. त्यामुळे फलंदाज मागच्या पायावर खेळायला शिकले.

दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज रेगी श्वार्झ याने गुगली (लेगब्रेकच्या कृतीने टाकलेला, पण उलट वळणारा चेंडू) तिचा जनक बर्नार्ड बोझांकेट याच्याकडून इंग्लंडमध्ये उचलली. ती चटईवर जन्मली असे म्हणता येत नाही. पण काथ्याच्या पकडीमुळे ती येथे फोफावली. १९०५-०६ मध्ये श्वार्झ, फॉकनर, व्होगलर व व्हाइट या चौघा गुगली गोलंदाजांच्या बळावर दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला ४-१ असे हरवले. याच चटईने इंग्लंडचा गोलंदाज सिडनी बार्न्स यालाही १९१३-१४ मध्ये चार कसोटींत ४९ बळी दिले. उलट, हिरवळीवर आफ्रिकी फलंदाज अडखळत. १९२४ मध्ये एजबॅस्टनला त्यांचा डाव ३० धावांत संपला. जानेवारी १९३१ मध्ये केपटाउनच्या न्यूलँड्सवर देशातील पहिली हिरवळीवरची कसोटी झाली, आणि १९३५ मध्ये लॉर्ड्सवर संघाने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय मिळवला.

हा बदल गोऱ्यांच्या मैदानांपुरता होता. १८९२ मध्ये वॉल्टर रीडच्या इंग्रज संघाविरुद्ध मलाय (केपमधील मुस्लिम समाजाच्या) संघाकडून ५० धावांत ४ बळी घेणाऱ्या क्रोम हेंड्रिक्स या वेगवान गोलंदाजाला १८९४ च्या इंग्लंड दौऱ्यातून वर्णामुळे वगळण्यात आले. वसाहतीत घातलेली ही विभागणी मैदानांच्या वाटपातही उतरली. गौरेतर क्लबांच्या वाट्याला सार्वजनिक, खडबडीत मैदानेच आली आणि तेथे चटई पुढे अनेक दशके टिकली. हवामान दोन्ही प्रकारच्या मैदानांचे एकच होते.

केपटाउनमध्ये चटईवर घडलेला गौरेतर फलंदाज बेसिल डॉलिव्हेरा १९६० मध्ये मिडलटन क्लबकडून लँकेशायरमधील लीगमध्ये उतरला, तेव्हा मंद, ओलसर हिरवळीवर त्याच्या पहिल्या पाच डावांत मिळून २५ धावा झाल्या. चेंडू बॅटवर येईपर्यंत थांबायला तो शिकला आणि हंगामअखेर त्याची सरासरी वेस्ट इंडिजच्या गारफील्ड सोबर्सपेक्षा वरची होती.