तालिनचं जुनं शहर: टेकडीवरचं टोम्पेआ वेगळं, पायथ्याचं शहर वेगळं

हेलसिंकीहून बोटीत बसलं की दोन तासांत एस्टोनियाची राजधानी तालिन येते. फिनलंडला आलेले पुष्कळ पर्यटक एक दिवस काढून इथे येतात, तटबंदीच्या आतलं 'ओल्ड टाउन' पायी फिरतात आणि संध्याकाळच्या बोटीने परततात. नकाशावर ते एकच दिसतं. युनेस्कोने १९९७ मध्ये जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली तीही एकत्रच. प्रत्यक्षात ही शेकडो वर्षं दोन निराळी शहरं होती. वर टोम्पेआ, खाली व्यापाऱ्यांचं शहर. दोन्हीकडचे कायदे वेगळे, मालक वेगळे, मध्ये भिंत आणि वाटेवर दरवाजे. कायद्याने ती एक झाली ती थेट १८७० च्या दशकाच्या अखेरीस.

आपल्या मनात लगेच येतं ते वर बालेकिल्ला आणि खाली पेठ. दिसायला आहेही तसंच. पण आपल्याकडे पेठ गडाच्या धन्याची असायची. गडावरून हुकूम सुटला की पेठेने तो पाळायचा. तालिनमध्ये नेमकं तेच नव्हतं, आणि सगळी गंमत तिथे आहे.

१२१९ मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्डेमार याने चुनखडकाची ही टेकडी घेतली. डेन्मार्कचा लाल-पांढरा झेंडा याच लढाईत आकाशातून खाली आला, अशी डॅनिश आख्यायिका आहे. टेकडीवर राज्यकर्त्याचा किल्ला, बिशपचं चर्च आणि सरदारांची घरं उभी राहिली. खाली बंदराच्या बाजूला जर्मन व्यापारी वसले. १२४८ मध्ये डेन्मार्कच्या राजाने या खालच्या वस्तीला ल्युबेक या जर्मन व्यापारी शहराचा कायदा लागू केला. म्हणजे नगरसभा त्यांची, न्यायनिवाडा त्यांचा. पुढे हे शहर हान्सा या व्यापारी शहरांच्या संघात गेलं. पश्चिमेकडून मीठ आणि कापड यायचं, पूर्वेच्या नोव्हगोरोद या रशियन शहराकडून फर आणि मेण, आणि या देवघेवीवर खालचं शहर गब्बर झालं. १३४६ मध्ये डेन्मार्कने उत्तर एस्टोनिया ट्यूटॉनिक सरदारसंघाला, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला, विकून टाकला. टेकडीचा धनी बदलला, खालची नगरसभा होती तिथेच राहिली. १५६१ मध्ये स्वीडन आलं, १७१० मध्ये रशिया. दोन्ही वेळा सरदारांनी आपल्या अटी वेगळ्या ठरवल्या आणि शहराने आपल्या वेगळ्या.

इथे आणखी एक गैरसमज होऊ शकतो, की वर परके आणि खाली एस्टोनियन. तसं नव्हतं. सरदारही जर्मन आणि बडे व्यापारीही जर्मन. एस्टोनियन माणूस वर नोकर होता, खाली हमाल किंवा कारागीर, आणि खेड्यात सरदारांच्या जमिनीला बांधलेला भूदास. मात्र त्याच्या दृष्टीने या दोन शहरांत जमीन-अस्मानाचा फरक होता. खेड्यातून पळालेला भूदास खालच्या शहरात वर्ष आणि एक दिवस टिकला, तर त्याला स्वतंत्र मानलं जाई. टेकडीवर ही सोय नव्हती, कारण तिथे त्याचा मालकच राहत होता.

हा फरक किती खरा होता हे १५३५ मध्ये दिसलं. योहान फॉन युक्सक्यूल नावाच्या सरदाराने आपल्या एका भूदासाला ठार केलं होतं. स्वतःच्या जहागिरीत त्याला कोण विचारणार? पण तो खालच्या शहराच्या हद्दीत आला, नगरसभेने त्याला धरलं, खटला चालवला आणि त्याचं मुंडकं उडवलं. टेकडीवर संताप उसळला आणि सरदारांचं शहराशी असलेलं वैर वाढलं. मारला गेलेला माणूस भूदास होता आणि शिक्षा झालेला सरदार, ही सोळाव्या शतकातली गोष्ट आहे. तालिनबद्दल एकच प्रसंग सांगायचा झाला तर मी हा सांगेन.

आता पायाखालच्या शहराकडे येऊ. 'मध्ययुगीन तालिन' म्हणून जे प्रसिद्ध आहे, ते जवळजवळ सगळं खाली आहे. १६८४ च्या आगीत टोम्पेआवरची बहुतेक घरं जळाली. म्हणून वर फिरताना दिसतात ती मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली सरदारांची घरं: रुंद दर्शनी बाजू, फिकट पिवळे-हिरवे रंग, समोर शांत रस्ता. खालचं शहर त्या आगीतून वाचलं. तिथली घरं अरुंद आणि उंच, रस्त्याकडे तोंड केलेली, टोकदार छपराची. वरच्या मजल्यावर माल साठवायची कोठारं, आणि माल ओढून घ्यायला भिंतीतून बाहेर आलेलं लाकूड काही घरांवर अजून दिसतं. पिक्क रस्त्यावर 'तीन बहिणी' नावाने ओळखली जाणारी तीन घरं त्यासाठी जरूर बघा. त्याच रस्त्यावर ग्रेट गिल्डची, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाची, इमारत आहे, १४१० ची. या गिल्डमध्ये विवाहित व्यापाऱ्यांनाच प्रवेश. अविवाहितांसाठी 'ब्लॅकहेड्स' हा वेगळा बंधुसंघ, त्याचंही घर जवळच आहे.

टाउन हॉल १४०४ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या टोकावर 'म्हातारा थॉमस' हा वाऱ्याची दिशा दाखवणारा शिपाई १५३० पासून उभा आहे (आजचा पुतळा अर्थातच मूळचा नाही). समोरच्या कोपऱ्यातल्या औषधाच्या दुकानाचा उल्लेख १४२२ च्या नोंदींत सापडतो आणि तिथे आजही औषधं विकली जातात. चौकातली उपाहारगृहं महाग आहेत; दोन गल्ल्या आत शिरलात तर खिशाला बरं पडेल.

दोन्ही शहरांतला फरक एका तासात समजून घ्यायचा असेल, तर फक्त दोन चर्च बघा. वरचं टोमकिरिक, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च: आतल्या भिंती सरदार घराण्यांच्या लाकडी कोरीव मानचिन्हांनी भरलेल्या. शंभरावर आहेत, काही माणसापेक्षा उंच. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा दर्यावर्दी क्रुझेनश्टर्न इथेच पुरला आहे. देवाच्या घरात घराण्यांची नावं एवढी मोठी पाहून मन थोडं अवघडतं. खालचं होली स्पिरिट चर्च लहान, पांढरं, बाहेरच्या भिंतीवर सतराव्या शतकातलं कोरीव घड्याळ, आत बर्न्ट नोटके या जर्मन कलाकाराची १४८३ ची वेदी. पण त्याचं खरं महत्त्व वेगळं आहे. शहरातल्या साध्या एस्टोनियन माणसांना त्यांच्या भाषेत प्रवचन ऐकायला मिळालं ते इथे. एस्टोनियन भाषेतल्या सर्वांत जुन्या छापील पुस्तकाशी, म्हणजे ख्रिस्ती धर्म शिकवणाऱ्या १५३५ च्या प्रश्नोत्तरीशी, याच चर्चच्या पाद्र्याचं नाव जोडलेलं आहे.

टोम्पेआ मात्र नुसतं जुन्या सत्तेचं स्मारक नाही. देशाचा कारभार आजही तिथूनच चालतो. किल्ल्याच्या जागेवर १९२० ते १९२२ मध्ये बांधलेल्या इमारतीत १०१ सदस्यांची संसद बसते. शेजारच्या 'लांब हर्मान' बुरुजावर जो झेंडा चढतो तोच देशाचा धनी, ही इथली जुनी समजूत. एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा झेंडा तिथे २४ फेब्रुवारी १९८९ रोजी पुन्हा चढला. संसदेसमोरच कांद्याच्या आकाराच्या घुमटांचं अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रल आहे, १९०० मध्ये झारच्या काळात पूर्ण झालेलं. परदेशी पाहुणे सगळ्यात जास्त फोटो त्याचे काढतात, पण त्या दोन्ही जुन्या शहरांशी त्याचा काही संबंध नाही.

सहलीच्या बस बहुतेक वेळा प्रवाशांना टोम्पेआवर सोडतात आणि मग सगळे उतरत खाली येतात. माझं मत उलट आहे. आधी खाली दोन-तीन तास घालवा, मग 'लांब पाय' म्हणजे पिक्क याल्ग या चढाच्या रस्त्याने वर जा. सुरुवातीलाच दरवाज्याचा चौदाव्या शतकातला बुरूज लागतो आणि एका बाजूला दोन शहरांमधली भिंत सोबत चालते. परतताना 'आखूड पाय', म्हणजे ल्युहिके याल्गच्या पायऱ्यांनी उतरा. तिथल्या बुरुजाला अजून जाड लाकडी दार आहे. कोह्तुओत्सा आणि पाटकुली हे वरचे दोन सज्जे लाल छपरं आणि समुद्र पाहण्यासाठी आहेत. क्रूझची जहाजं लागलेली असतील त्या दिवशी तिथे दुपारी उभं राहायला जागा मिळत नाही, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. रस्ते दगडगोट्यांचे आहेत, त्यामुळे चांगल्या पकडीचे बूट हवेत. हिवाळ्यात तर त्यांवर बर्फ गोठतो आणि आखूड पायाच्या पायऱ्यांवर कठडा धरूनच उतरावं लागतं.