दात भरल्यावर, आरसीटी-कॅप झाल्यावर घ्यायची काळजी
किडलेला किंवा तुटलेला दात काढून न टाकता तो भरणं, नस साफ करून आरसीटी म्हणजे रूट कॅनाल करणं, त्यावर कॅप बसवणं, पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज लावणं, हे सगळं झाल्यावर दात टिकावा म्हणून घरी जी काळजी घ्यावी लागते तिची ही नोंद. नागपुरात हे उपचार मेडिकल म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात, हिंगणा रोडकडच्या डेंटल कॉलेजांत आणि गल्लीगल्लीतल्या क्लिनिकमधे रोज होतात, पण पुढे काय करायचं ते घाईघाईत सांगितलं जातं आणि तोंड बधिर असल्याने पेशंटही धड विचारत नाही.

बधिरपणा साधारण 2 ते 4 तास राहतो, तोवर काही चावू नये आणि गरम चहा घेऊ नये. लहान पोरं मजा वाटते म्हणून ओठ चावत बसतात, दुसऱ्या दिवशी ओठ सुजला की घरचे घाबरतात, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. चांदी किंवा साधं सिमेंट भरलं असेल तर पहिले 24 तास त्या बाजूने कडक काही चावायचं नाही कारण ते पूर्ण घट्ट व्हायला वेळ लागतो. दाताच्या रंगाचं कंपोझिट निळ्या लाईटने तिथेच कडक होतं, त्यामुळे बधिरपणा उतरला की खाता येतं. थंड-गरम थोडे दिवस झोंबणं नॉर्मल आहे, मात्र दात मिटल्यावर भरलेला दात आधी लागत असेल तर सवय होईल म्हणून थांबू नका, परत जा, निळा कागद चाववून उंच भाग घासायला पाच मिनिटं लागतात आणि तसंच ठेवलं तर दात दुखत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आरसीटी झालेल्या दातात नस उरत नाही, म्हणजे तो पुन्हा किडला तरी ठणकत नाही, आणि लोक "दुखत नाही म्हणजे चांगला आहे" असं धरून चालतात. कॅप स्वतः किडत नाही पण कॅपची कड हिरडीपाशी दाताला जिथे भेटते तिथे अन्न साचतं आणि कीड तिथूनच आत शिरते, कळतं तेव्हा कधीकधी दात काढण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून रात्री झोपताना त्या कडेवर मऊ ब्रश हळू फिरवणं, दोन दातांच्या मधून फ्लॉस म्हणजे बारीक दोरा घालणं आणि सहा महिन्यांनी दाखवून गरज पडल्यास एक्सरे काढणं हे करायलाच पाहिजे. आरसीटी झाली, दुखणं थांबलं आणि कॅपचे पैसे वाचवायचे म्हणून दाढ तशीच ठेवली, हे तर फारच दिसतं. अशी दाढ आतून पोखरलेली असते, एखाद्या दिवशी भाजलेला चणा चावताना उभी चिरते आणि मग आरसीटीचाही खर्च वाया.

नागपुरात खर्र्याबद्दल बोलल्याशिवाय ही नोंद पूर्ण होत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा गालात धरून तासन्‌तास चघळणाऱ्याचे दात झिजतात, भरलेलं सिमेंट निघतं, कॅपवरची पोर्सिलीन टवके जाऊन उडते. त्याहून वाईट म्हणजे सुपारीने गालाची आतली कातडी कडक होऊन तोंडच कमी उघडायला लागतं, मग मागच्या दाढेपर्यंत ना ब्रश पोचत ना डॉक्टरची मशीन. कॅन्सरचा धोका आहेच. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे पण खर्रा पानठेल्यावर मिळूनच राहिला, त्यामुळे इथे रोखणं घरच्यांवर आणि स्वतःवरच आहे. इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) केलेल्यांनी तर तंबाखू पूर्ण सोडावी, हाडात तो स्क्रू धरायलाच काही महिने लागतात आणि तंबाखूने ते काम बिघडतं.

खाण्यात फार बंधनं नाहीत. तर्री पोहे खा, सावजी खा, फक्त नंतर चूळ भरा. संत्रं आंबट असल्याने खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश करू नये. उन्हाळ्यात बर्फ कडकडा चावायची सवय मात्र कॅपला आणि भरलेल्या दाताला महागात पडते. पेस्ट फ्लोराईडवालीच घ्या. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराईडने दातांवर डाग पडतात म्हणून लोक पेस्टलाही भितात, पण ते डाग लहानपणी दात तयार होत असताना पाणी पिऊन पडतात, मोठ्या माणसाने थुंकून टाकलेल्या पेस्टने नाही. मशेरी आणि खरखरीत मंजन टाळा.

ब्रिजच्या खोट्या दाताखालून छोटा इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश) फिरवावा, कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी.

कॅप निघून आली तर फेकू नका आणि फेव्हिक्विकने तर अजिबात चिकटवू नका, धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे घेऊन जा, आतला दात शाबूत असेल तर बहुतेक वेळा तीच परत बसते.