कचऱ्यातला ओलावा

मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांतही दिसला होता. १९२७ पासून साचत आलेला हा ढीग पेटतो कशाने, याचा माग काढत गेले की आपण थेट स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो.

आपल्या शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने सुमारे निम्मा, कित्येकदा त्याहूनही अधिक, भाग ओल्या कचऱ्याचा असतो. भाजीचे देठ, केळीची साले, चहाचा चोथा हे सारे कुजणारच. ते हवेत कुजते की हवेवाचून, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. हवा मिळाली तर जिवाणू आणि बुरशी त्याचे विघटन करून कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता बाहेर टाकतात व मागे खत उरते. पण तोच कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून उंच ढिगाखाली दबला, की आतला ऑक्सिजन संपतो, ऑक्सिजनवाचून जगणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि मिथेन तयार होऊ लागतो. हा वायू ज्वलनशील आहे, शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता वातावरणात अडकवतो. ढिगाच्या तळातून झिरपणारे काळे पाणी तर जमिनीत मुरते. पुण्याचा कचरा ज्यांच्या शिवारात येऊन पडला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी विहिरी नासल्याचे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे मांडले आहे, आणि ते ऐकताना शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला अपराधी वाटते.

मग सरसकट जाळून वीज का करू नये? कारण ओला कचरा जाळताना बरीचशी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये उभारलेला असा प्रकल्प, कचऱ्यात पुरेसे ज्वलनमूल्य नसल्यामुळे, थोड्याच दिवसांत बंद पडला.

खताचे काम मात्र बाल्कनीतल्या बादलीतही होते. बादलीला भोके पाडून तळाशी वाळका पाला घालावा, त्यावर ओल्या कचऱ्याचा थर, पुन्हा पाला, आणि दुधाला विरजण लावावे तसे मूठभर जुने खत. पाला केवळ वास दाबण्यासाठी नसतो. सूक्ष्मजीवांना नत्राच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो, भाजीपाल्यात नत्र भरपूर असते आणि कार्बनची उणीव पाला भरून काढतो. मिश्रण मुठीत आवळल्यावर बोटांच्या फटींतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर हवेची वाट बंद झाली असे समजावे आणि आणखी पाला मिसळावा. मोठ्या ढिगात तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाते व बहुतेक रोगजंतू मरतात. बादलीत एवढी ऊब क्वचितच धरते, पण हिवाळ्यातल्या सकाळी थर हलवला तर हाताला कोमटपणा जाणवतो.

ओला कचरा असा बाजूला निघाला की सुक्याचे मोल टिकते. कोरडे वर्तमानपत्र रद्दीत विकले जाते. त्यावर आमटी सांडली, की त्यातले तंतू खराब होतात, बुरशी धरते आणि ते कोणी घेत नाही. घरगुती कचरा वेगळा करूनच द्यावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितले होते. तरीही घंटागाडीच्या मागे उभी असलेली कचरावेचक बाई आजही आपली गाठ मारलेली पिशवी उघडते आणि आमटीत भिजलेला कागद बोटांनी वेगळा काढते, बहुधा हातमोज्यांवाचून.