स्थलांतरित कारखाना कामगारांची युनियन

परदेशातून कामासाठी आलेल्या कामगारांनी कारखान्यात युनियन बांधणे, तिला मान्यता मिळवणे आणि पगार, कामाचे तास, सुरक्षितता यांबाबत मालकाशी एकत्रित वाटाघाटी करणे. परके कामगार मिळेल त्या पगारात राबतात, ते संघटित होत नाहीत, हा समज जुना आणि चुकीचा आहे.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. एकाच खात्यात अनेक भाषा असतात. व्हिसा मालकाशी बांधलेला असेल, तर नोकरी गेली की देशही सोडावा लागतो. शिवाय मागे घर आणि कर्ज असते. त्यामुळे पहिली बोलणी बहुधा गेटसभेत होत नाहीत. ती राहत्या खोल्यांत आणि प्रार्थनास्थळी, गाववाल्यांच्या ओळखीतून होतात.

भाषेचा प्रश्न कसा सुटतो हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या लॉरेन्स शहरात दिसले. १९१२ च्या जानेवारीपासून तेथे स्त्रिया व मुलांच्या कामाचे तास कायद्याने आठवड्याला ५६ वरून ५४ झाले आणि गिरणीमालकांनी त्या दोन तासांचे पैसे कापले. ११ जानेवारीला पोलिश स्त्रियांनी माग थांबवले. बघता बघता वीस हजारांवर कामगार बाहेर पडले. संप समितीत १४ राष्ट्रीयत्वांचे प्रत्येकी चार, असे ५६ जण होते. प्रत्येक भाषणाचे भाषांतर होई. समितीला अटक झाली, तर तिची जागा घ्यायला दुसरी समिती तयार होती. कुशल, इंग्रजी बोलणाऱ्या कामगारांची जुनी युनियन या संपापासून दूर राहिली, ही त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट. मार्चमध्ये पगारवाढ मिळाली. त्यानंतर मात्र संप चालवणाऱ्या युनियनची सभासदसंख्या झपाट्याने ओसरली: संप जिंकण्यापेक्षा युनियन टिकवणे अवघड ठरले.

लंडनच्या ग्रनविक फोटो प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनियनच्या मान्यतेसाठी संप केला. संपकऱ्यांत बहुसंख्य दक्षिण आशियाई स्त्रिया होत्या, त्यांतल्या अनेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या. कारखान्याचा धंदा टपालावर चाले, आणि क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी ते टपाल हाताळायला नकार दिला. १९७८ मध्ये संप मागणी मान्य न होताच संपला; तरीही उपऱ्या मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी स्थानिक कामगार हजारोंनी रस्त्यावर उतरले होते.

कायदा देशागणिक बदलतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४८ चा ८७ क्रमांकाचा करार कोणताही भेद न करता संघटनस्वातंत्र्य देतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००२ मध्ये, युनियनच्या कामामुळे बेकायदा काढलेल्या पण देशात राहण्याची व काम करण्याची कागदपत्रे नसलेल्या कामगाराला बुडालेला पगार नाकारला. दक्षिण कोरियात स्थलांतरितांची युनियन २००५ मध्ये स्थापन झाली. सरकारने तिची नोंदणी नाकारली. कागदपत्रे नसली तरी कामगार हा कामगारच, म्हणून त्याला युनियनचा हक्क आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. त्यासाठी दहा वर्षे लढावे लागले.