ग्रेट डेनचं पिल्लू घेताय? मग त्याला सावकाश वाढू द्या

ग्रेट डेन या अवाढव्य जातीच्या कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि वर्ष-दीड वर्षात तेच पन्नास-साठ किलोच्या पुढे जातं, म्हणजे जवळपास शंभरपट. छोट्या ब्रीडचं कुत्रं तेवढ्याच काळात वीसेक पट वाढतं. सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड, आयरिश वुल्फहाउंड, मॅस्टिफ, सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच. लोक विचारतात "केवढं खातो हो?", पण या कुत्र्यांची बरीच दुखणी येतात ती या वाढीच्या घाईतून.

ही घाई बऱ्याच अंशी जीन्समधली आहे. २००७ मध्ये संशोधकांना आयजीएफ-१ नावाच्या जीनजवळ एक बदल सापडला, जो छोट्या ब्रीड्समध्ये सर्रास दिसतो आणि मोठ्यांमध्ये क्वचितच. हा जीन वाढीला चालना देणारं एक हार्मोन बनवतो, मोठ्या कुत्र्यांच्या रक्तात ते जास्त असतं. पुढे २०२२ मध्ये कळलं की लहान आकाराचा तो बदल ५० हजार वर्षांहून जुन्या लांडग्याच्या डीएनएमध्येही होता. म्हणजे माणसाने कुत्रं पाळायच्या कितीतरी आधीपासून तो होताच, आपण फक्त निवड करत गेलो.

आता कडू भाग. प्राण्यांमध्ये साधारणपणे मोठा जास्त जगतो, हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो, पण कुत्र्यांच्या आपसात हे बरोबर उलटं आहे. २०१३ च्या एका अभ्यासात हिशोब निघाला की दर दोन किलो वजनामागे आयुष्य साधारण एक महिन्याने कमी होतं, आणि कारण असं की मोठ्या कुत्र्यांचं म्हातारपण लवकर सुरू होतं असं नाही, तर एकदा सुरू झालं की ती भराभर म्हातारी होतात. ग्रेट डेन साधारण ७ ते १० वर्षं, वुल्फहाउंड ६ ते ८. ज्याची उंची १११.८ सेंटीमीटर भरली होती तो झ्यूस नावाचा अमेरिकेतला विक्रमवीर ग्रेट डेन सहा वर्षांचाही झाला नाही. हे पचणार असेल तरच पुढे जा, खरंच सांगतो.

पिल्लू घरी आलं की कोणीतरी हमखास सल्ला देतं, मोठं कुत्रं आहे, हाडं मजबूत व्हायला कॅल्शियम पावडर चालू करा. नका करू! साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही, बरंचसं शोषलं जातं आणि हाडं, सांधे वेडेवाकडे वाढतात. कॉर्नेल विद्यापीठात १९७४ मध्येच ग्रेट डेनच्या पिल्लांवर प्रयोग झाला होता, काहींना पोटभर हवं तेवढं आणि काहींना मोजून खायला दिलं, तर हाडांचे त्रास पोटभर खाणाऱ्यांना जास्त झाले. मोजून खाल्ल्याने कुत्रं बुटकं राहत नाही हो, उंची जीन्स ठरवतात, ती फक्त थोडी उशिरा गाठली जाते. लार्ज ब्रीड पपी फूड द्या आणि बरगड्यांवरून हात फिरवून बघत जा: दिसायला नकोत पण बोटांना सहज लागायला हव्यात. गुबगुबीत पिल्लू फोटोत छान दिसतं, तेवढंच. हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या दीड-दोन वर्षांपर्यंत उघड्या असतात, म्हणजे हाडं अजून वाढत असतात, म्हणून तोवर उंचावरून उड्या आणि जबरदस्तीचं लांब पळवणं बंद.

आता स्वभाव. ही कुत्री शांत म्हणून प्रसिद्ध आहेत, पण २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच ब्रीडमुळे असतो. तेव्हा नावावर जाऊ नका, आईला भेटा, जमलं तर बापालाही, अनोळखी माणसाशी कसे वागतात ते बघा. आणि ब्रीडरला सरळ विचारा: खुब्यांचे एक्सरे आहेत का, हृदयाची इको झालीय का, आजी-आजोबा किती वर्षं जगले, घराण्यात कोणाला ब्लोट (पोट फुगून त्याला पीळ पडणं) झाला होता का. उत्तर द्यायला चिडचिड करणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नका. पट्टा ओढायचा नाही हे पिल्लू पंधरा किलोचं असतानाच शिकवा, साठ किलोचं झाल्यावर तेच तुम्हाला फिरवून आणेल.

लाळ, केस वगैरे होणारच, त्यावर काय बोलायचं. झोपायला जाड गादी द्या, नाहीतर टणक फरशीवर कोपरांना घट्टे पडतात.

ब्लोट मात्र नीट समजून घ्या. पोट गॅसने फुगतं, मग स्वतःभोवती पीळ पडतो आणि रक्तपुरवठा तुटतो. खोल, अरुंद छातीच्या कुत्र्यांना धोका जास्त आणि ग्रेट डेन त्यात सगळ्यात वर. कुत्रं ओकायचा प्रयत्न करतं पण फेसाशिवाय काही पडत नाही, पोट ताणलेलं, सारखं उठबस, लाळ गळतेय, असं दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, काही तासांत जीव जातो. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळा विभागून द्या, भराभर गिळत असेल तर स्लो फीडर, म्हणजे सावकाश खायला लावणारं भांडं, वापरा. भांडं स्टुलावर ठेवायची पद्धत बरेच जण सांगतात, पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्यांना ब्लोट उलट जास्त झाला होता. नसबंदीच्या वेळीच पोट आतून बरगडीजवळ टाके घालून पक्कं बसवायचं ऑपरेशन करता येतं, त्याने पीळ पडायचा धोका खूप कमी होतो, व्हेटला आधीच विचारून ठेवा. आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, साठ-सत्तर किलोचं कुत्रं चादरीत घालून गाडीपर्यंत उचलायला दुसरं माणूस कोण, हे पिल्लू आणायच्या आधी ठरलेलं असू द्या.